समुद्राकाठच्या शाळेत समुद्र कुठे आहे?

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही माध्यमिक शाळेत जा आणि आठवी-नववीच्या वर्गात विचारा, तळाला पाय टेकत नाहीत इतक्या पाण्यावर आजवर कोण कोण गेलंय? गाबीत वाडीतल्या दोन-चार मुलांचे हात वर होतील, तेही थोडे बिचकतच. एखादा मुलगा सांगेल, मालवणला पाहुणे आले होते तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो होतो. बाकीचा वर्ग गप्प बसलेला असेल. ही मुलं लाटांच्या आवाजात झोपतात आणि त्याच आवाजात उठतात. त्यांच्या जेवणात रोज मासळी असते, त्यांच्या घरात निवास-न्याहारीला पर्यटक उतरतात. तरीही समुद्राविषयी घरात आणि शाळेत त्यांना एकच गोष्ट सांगितली जाते: पाण्याकडे जाऊ नको.

मी याच जिल्ह्यात भूगोल शिकवते. सातवीच्या पुस्तकात भरती-ओहोटीचा धडा आहे, त्याच पुस्तकात पुढे वारे येतात. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत आले की उधाण, काटकोनात आले की भांग. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे, रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे. आकृती काढायची, नावं द्यायची, परीक्षेत दोन गुण मिळवायचे. वर्गाच्या खिडकीतून माडांच्या पलीकडे तोच समुद्र, तोच वारा असतो, आणि आम्ही फळ्यावर बाण काढत असतो. लातूरच्या किंवा बुलढाण्याच्या शिक्षकाला फळ्याशिवाय इलाज नाही. आम्हाला मात्र तसं म्हणता येणार नाही.

माझं म्हणणं असं आहे की किनाऱ्यावरच्या तालुक्यांतल्या प्रत्येक शाळेने मुलामुलींना वर्षातून निदान एकदा गटाने कयाकमधून समुद्रावर न्यावं, आणि त्या गटाचं नेतृत्व तिथल्याच एखाद्या जुन्याजाणत्या मच्छीमाराकडे द्यावं. मौजेची सहल म्हणून हे करू नये. विज्ञानाच्या प्रयोगशाळेला आपण जसा अभ्यासाचा भाग मानतो, तसंच याला मानावं.

कयाकच का, असं बरेच पालक विचारतात. ही मूळची आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट शिकाऱ्यांची नाव, सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेली. आपल्याकडे आता मिळतात त्या प्लास्टिकच्या, वर बसायच्या, दोघांना पुरणाऱ्या. त्या उलटल्या तरी बुडत नाहीत आणि पुन्हा सरळ करता येतात. दोघी मुली मिळून ती पुळणीवरून उचलून पाण्यात घालू शकतात. बऱ्यापैकी मोटारसायकलच्या किमतीत एक येते, डिझेल लागत नाही, आवाज होत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वारा कुठून आहे आणि पाणी कुठे ओढतंय हे कळल्याशिवाय ती मनासारखी पुढे जात नाही. आपल्या उलांडीच्या होडीतही हेच शिक्षण होतं, पण ती होडी आता थोडी उरली आहे आणि तिला कसलेले हात लागतात. आपला किनारा कयाकला नवाही नाही. १९३२ साली जर्मनीतल्या उल्महून घडीच्या कयाकमधून निघालेला ओस्कार स्पेक सात वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला, तो हिंदुस्थानचा पश्चिम किनारा वल्हवूनच. आपल्या काळात मुंबईच्या कौस्तुभ खाडेने हा किनारा एकट्याने कयाकमधून पालथा घातला. मुलांना असल्या मोहिमांवर पाठवा असं मी म्हणत नाही. आपल्या गावापासून शेजारच्या गावापर्यंत त्यांनी पाण्यावरून जावं, एवढंच.

आम्ही काही शिक्षक आणि पालक मिळून हिवाळ्यात हे करतो. शाळेची सहल म्हणून तशी परवानगी मिळत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी, पालकांच्या लेखी संमतीने, प्रत्येक कयाकमध्ये एक मूल आणि एक पोहता येणारं मोठं माणूस अशा जोड्यांनी. मुलं जरा तयार झाली की मग दोन मुलं एकत्र. जागा देवबागची. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कर्ली नदी सह्याद्रीतून उतरते, कुडाळ तालुका ओलांडते आणि समुद्र अगदी हाकेवर आला असताना त्याला मिळत नाही. ती दक्षिणेकडे वळते, तारकर्ली-देवबागच्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यामागून समुद्राला समांतर वाहते आणि देवबागच्या टोकाशी संगमावर जाऊन मिळते. पट्ट्याच्या एका अंगाला गोडंखारं पाणी, दुसऱ्या अंगाला दर्या, मध्ये माडांतली घरं. पावसाळ्यात समुद्र या पट्ट्याचे लचके तोडतो, मग दगडांचे बंधारे पडतात, पुन्हा लचके तुटतात. भरती, लाटा, गाळ, झीज हे सगळं एका नजरेत दाखवणारी याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

आमच्याबरोबर एक तांडेल असतात. सत्तरीच्या आसपासचे, सगळी उमेदीची वर्षं रापणीच्या जाळ्यावर आणि होडीत घालवलेले. जायचा दिवस तेच ठरवतात, आणि तो ठरवताना तारीख न पाहता तिथी पाहतात. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरती किती वाजता पूर्ण होईल ते निघतं. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही रोज साधारण तेवढीच पुढे सरकते, हे आमच्या पुस्तकात आहे. या हिशेबात तो सरकण्याचा वेळ तिथीमागे पाऊण तास धरला आहे. छापील तक्त्याशी थोडाफार फरक पडतो, पण होडी काढायला तो आड येत नाही. पहिल्यांदा त्यांनी हे मुलांना सांगितलं तेव्हा एका मुलीने बोटांवर हिशेब केला आणि ओरडली, "बाई, म्हणजे अनंत चतुर्दशीला साडेदहा!" ती आकृती मी वर्गात किती वेळा काढली असेल. एवढ्या उत्साहाने कुणी तिच्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही.

दिवस निवडतात तो बहुतेक दशमी-एकादशीचा. तेव्हा भांग असते, पाण्याचा चढउतार कमी, ओढही कमी. नवशिक्या हातांसाठी हेच दिवस बरे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ते मुलांना संगमाकडे फिरकूही देत नाहीत.

पण आधी, आदल्या संध्याकाळी, खाडीत छातीभर पाण्यात उलटायचा सराव. तो केल्याशिवाय दुसऱ्या दिवशी कुणालाच पुढे नेत नाही. लाइफ जॅकेट घातलं की प्रत्येकाच्या खांद्यावरच्या पट्ट्यांना धरून तांडेल वर खेचून बघतात. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते ढिलं आहे, परत आवळायचं. मग जोडीने कयाकमध्ये बसायचं आणि मुद्दाम एका अंगावर झुकायचं. यंदा बाजारपेठेतल्या एका दुकानदाराची मुलगी होती, पाण्याची धास्ती घेतलेली. कयाकची कड घट्ट धरलेल्या तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. कयाक कलली, ती पाण्यात गेली, आणि जॅकेटने तिला क्षणात वर आणलं. केस डोळ्यांवर, नाकातोंडात खारं पाणी. ती रडायच्या बेतात असतानाच तांडेल शांतपणे म्हणाले, "वल्हा खय हा? आधी वल्हा धर, बाय." तिने वल्हं शोधलं. त्या शोधण्यात रडू मागे पडलं. मग त्यांनी चढायची रीत सांगितली: कयाकच्या मध्यावर यायचं, पलीकडची कड पकडायची, पाय मागे सरळ करून पाणी मारायचं आणि अंग वर ओढायचं. "आधी पोट, मगे कंबर, मगे पाय." पोटावर आडवं पडायचं, मग फिरून बूड टेकायचं, पाय सगळ्यात शेवटी आत घ्यायचे. पहिल्या खेपेला ती घसरली, दुसऱ्यांदाही घसरली. नंतर जमलं. त्यानंतर ती स्वतःहून पुन्हा पुन्हा उलटत राहिली, अंधार पडेपर्यंत, शेवटी तिच्या आईला हाक मारून तिला बाहेर काढावं लागलं. पाण्याची भीती जावी असं मला वाटत नाही. पाण्यात पडल्यावर पुढे काय करायचं हे हातापायांना ठाऊक असणं, मला हवंय ते एवढंच.

सकाळी उजाडता उजाडता निघायचं. रात्रभर जमिनीकडून येणारा मतलई वारा अजून असतो, गार आणि हलका, पाठीवर लागणारा. नदीच्या काठाने कांदळवनं, पाणी चढत असल्याने मुळं बुडालेली. भरतीची ओढ शेवटच्या टप्प्यात असते, तरी ती विरुद्ध जाणवते. मध्यातून वल्हवणारे मागे पडतात, काठाला धरून जाणारे पुढे निघतात, कारण काठाशी प्रवाह मंद. हे कुणी सांगायच्या आधीच मुलांच्या लक्षात येतं आणि सगळ्या कयाक हळूहळू काठाला येतात.

संगमाशी पोचलं की तांडेल सगळ्यांना थांबवतात. समोर वाळूचा दांडा असतो. दांड्यावर पाणी उथळ, तिथे लाट फुटते. बाजूला खोल वाट असते, तिथे लाट फुटत नाही, नुसती उचलून पुढे जाते. मुलांना लगेच जायचं असतं. "खयचा पाणी खय जाता ता आधी बघा," एवढं म्हणून ते स्वतः बघत बसतात. बराच वेळ. सुरुवातीला चुळबुळ होते. मग कुणीतरी म्हणतं, मोठ्या लाटा एकामागून एक येतात आणि मग थोडा वेळ शांत जातो. दुसरा म्हणतो, तिथे पांढरी रेघ सारखी दिसते, इथे कधीच दिसत नाही, इथलं पाणी काळसर आहे. तांडेल मान हलवतात. भरती पूर्ण होऊन पाणी थबकलं की निघायचं. ओहोटी लागली आणि नदीचं पाणी जोरात बाहेर पडू लागलं की तेच पाणी येणाऱ्या लाटेवर आपटतं आणि संगमावर लाटा उभ्या राहतात. त्या वेळी तिथे छोटी नाव घालायची नाही. हा नियम ते सांगतात, आणि ज्या मुलांनी तासभर तिकडे टक लावून पाहिलं आहे त्यांना तो पटतो. किनाऱ्यावर 'धोका' अशी लाल अक्षरांची पाटी लावून हे समजत नाही.

गटाचे नियमही तेच लावून देतात. पुढे एक कयाक, तिला ओलांडायचं नाही. मागे एक, तिच्या मागे कुणी राहायचं नाही. वल्हं उभं धरलं तर माझ्याकडे या, डोक्यावर आडवं धरलं तर थांबा. वाऱ्यात हाक पोचत नाही, खूण दिसते. तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी. आणि वेग सगळ्यात हळू जाणाऱ्याचा. "फुडे गेलल्यान मागे बघूचा," हे ते प्रत्येक वेळी सांगतात. रापणीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजावून घ्यावं लागलेलं नाही. अख्ख्या वाडीने मिळून दोर ओढायचा आणि मासळीचा वाटा सगळ्यांना द्यायचा, अशी ती पद्धत. यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी आल्यापासून रापणींची रया गेली. त्यांच्याबरोबर जे शहाणपण संपतंय त्याची मला काळजी आहे. माझ्या आग्रहाचं निम्मं कारण हेच आहे.

संगमापलीकडच्या भोगव्याच्या बाजूने बाहेर पडलं की मागे वळून बघायला लावते मी मुलांना. देवबागचा पट्टा तिथून हिरव्या रेघेएवढा दिसतो. आपलं घर त्या रेघेवर आहे हे कळल्यावर मुलं एकदम गंभीर होतात. तिथेच तांडेल त्यांना जागा पकडायला शिकवतात: जवळचं एखादं ठळक झाड आणि मागच्या डोंगराचं टोक एका रेषेत आणायचं, दुसऱ्या दिशेला देवळाचा कळस आणि आणखी एखादी खूण. दोन रेषा जिथे छेदतात तिथे आपण. पाण्याखालचे खडक, मासळीच्या जागा ते आयुष्यभर असेच लक्षात ठेवत आले. गणिताच्या तासाला आम्ही छेदबिंदू शिकवतो. मुलांना तो पाण्यावर बसून सापडला की पुन्हा शिकवावा लागत नाही.

या भागात कुबड असलेले डॉल्फिन किनाऱ्याच्या जवळ येतात. एकदा भोगवे सोडून पुढे जाताना तांडेलांनी वल्हं आडवं धरलं. सगळे थांबले. आधी काही दिसलं नाही, आवाज आला, जोरात सोडलेल्या श्वासासारखा. मग पाठी दिसल्या, करड्या, सावकाश वर येणाऱ्या. इंजिन नसलं की डॉल्फिनचा श्वास ऐकू येतो, हे मलाही तिथेच कळलं. थोड्या वेळाने पर्यटकांच्या यांत्रिक बोटी आल्या. त्यांनी जिथे पाठ दिसेल तिकडे नाळ वळवली, दोन बोटींनी दोन बाजूंनी घेरलं, आणि डॉल्फिन खाली गेले ते परत दिसले नाहीत. बोटीवाल्यांचा राग करून उपयोग नाही, ती त्यांची रोजीरोटी आहे आणि 'डॉल्फिन दाखवा' म्हणून पैसे देणारे आपणच आहोत. पण लहानपणी एकदा शांत बसून ज्याने हा श्वास ऐकला आहे, तो मोठेपणी बोट चालवायला लागला तरी इंजिन बंद करून लांब थांबेल, अशी माझी खात्री आहे. मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं १९८७ साली, २९.१२ चौरस किलोमीटरचं. त्याला किनाऱ्यावरच्या लोकांनी आपलं मानावं असं वाटत असेल, तर मुलांना त्या पाण्यावर नेण्याला पर्याय नाही.

साडेदहाच्या सुमारास वारा फिरतो. जमीन तापते, खारा वारा सुटतो, हिवाळ्यात तो वायव्येकडून येतो. तांडेलांनी सकाळीच बजावलेलं असतं, "अकराच्या आत पुळणीर लागाक होया, मगे वारो सुटतलो." निवतीकडे दक्षिणेला जाताना हा वारा उजव्या अंगाला मागून लागतो आणि कयाकची नाळ सारखी वाऱ्याकडे, म्हणजे खोल समुद्राकडे वळायला बघते. एकदा नववीतल्या दोन धडधाकट मुलांची कयाक अशीच बाहेर निघाली. दोघंही जीव खाऊन वल्हवत होते आणि त्यामुळेच अधिक बाहेर जात होते. तांडेल त्यांच्या शेजारी गेले. ओरडले नाहीत. मागच्याला म्हणाले, उजव्या अंगाने वल्हं लांब टाक, पायापासून पार मागेपर्यंत. पुढच्याला म्हणाले, तू नुसता ताल धर. दहा-बारा वल्ह्यांत नाळ किनाऱ्याकडे आली. तोवर बाकीचा सगळा गट एकत्र होऊन थांबला होता, कुणी न सांगता. किल्ले निवतीच्या पुळणीवर लाट बघून एकेक कयाक आत घेतली, तिथल्या मच्छीमारांनी नाळ धरून वर ओढायला हात दिला, आणि टेम्पोत कयाक घालून आम्ही परतलो. त्या दोन मुलांनी दुसऱ्या दिवशी वर्गात वाऱ्याच्या दिशेची आकृती स्वतः फळ्यावर काढली.

आता विरोधाचं बोलते, कारण तो खरा आहे आणि त्यामागे मरण पावलेली मुलं आहेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहली आणि समुद्र हे शब्द एकत्र आले की मुख्याध्यापकांच्या पोटात गोळा येतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली, त्यात दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. अनेक प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. या घटना सांगून मला विचारतात, बाई, जबाबदारी कोण घेणार?

मी या घटना पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत आणि माझ्या मनात उलटा प्रश्न येतो. ओहोटीच्या वेळी अनोळखी पुळणीवर पाण्यात शिरू नये, बोटीत बसण्याआधी जॅकेट मागावं, बोटीत जास्त माणसं चढली तर उतरून जावं, हे आपण कुणाला कधी शिकवलं? बंदीने सहलीची नोंदवही सुरक्षित राहते. पण मुलं सुट्टीत जातातच पाण्यावर, मित्रांबरोबर, कुणाला न सांगता, जॅकेटशिवाय. किनाऱ्यावरचं पोर आयुष्यभर समुद्रापासून लांब राहील हे गृहीत धरणं मला जबाबदारीचं वाटत नाही. आम्ही एका कार्यालयात याबाबतचा प्रस्ताव दिला होता, नियमांसकट, विम्यासकट. तोंडी उत्तर आलं, समुद्र सोडून दुसरं काहीही सुचवा. त्याच वर्षी जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांच्या सहली घाट चढून वॉटरपार्कला गेल्या.

मुलींसाठी मी जास्त आग्रही आहे. कोकणात मासे विकणं, सुकवणं, खारवणं बायकांकडे, होडी मात्र पुरुषांकडे. हे बदलता येतं याचं उदाहरण जिल्ह्यातच आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून लोकांना कांदळवन दाखवतात, कुठली तिवर, कुठली चिपी ते सांगतात. आणि शेजारच्या गोव्यातून २०१७ साली नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'वर बसून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात पुरी करून परतल्या. ती नौका बांधली गेली तीही गोव्यातच. आमच्या मुलींना या दोन्ही गोष्टी सांगते तेव्हा त्या विचारतात, त्यांना कुणी शिकवलं?

सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ साली झाली, हे आमच्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी डोळे भरून तो पाहिला. पण शिवरायांचं आरमार उभं राहिलं ते पाणी, वारा आणि खडपं अंगवळणी असलेल्या भंडारी, कोळी, गाबीत माणसांच्या बळावर. त्यांच्या पणतवंडांना पोहता येत नसेल, तर त्या इतिहासाची आपण नीट आठवण ठेवली असं मला म्हणवत नाही.

यासाठी फार मोठं काही लागत नाही. किनाऱ्याच्या प्रत्येक तालुक्यात दहा-बारा कयाक, तेवढी जॅकेटं, एक साधी यांत्रिक होडी मदतीला. हे सगळं मच्छीमार सोसायटीच्या ताब्यात ठेवावं, म्हणजे देखभाल होईल आणि शाळेच्या कोठीत उन्हाने प्लास्टिक तडकणार नाही. तांडेलांना शाळेने पाहुणे शिक्षक म्हणून नेमावं आणि दिवसाचं मानधन द्यावं. चहापाण्यावर भागवू नये. तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंग आणि जलक्रीडा संस्था आहे, दोनापावलाला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. शिक्षकांचं आणि गावातल्या तरुणांचं जीवरक्षक प्रशिक्षण तिथे होऊ शकतं. आधी पोहणं, खाडीत किंवा गावच्या तळीत, आणि ते येत नाही तोवर संगम नाही. मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंदच असतात, तो नियम आहे तसाच राहावा. जायचं की नाही याचा शेवटचा शब्द तांडेलांचा असावा. शिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक किंवा मुलांचा हट्ट, कुणाचाही त्यावर जोर चालू नये.

शाळांचं वार्षिक नियोजन जूनमध्ये होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दशम्या-एकादश्या पंचांगात तेव्हाच छापलेल्या असतात. त्यातल्या दोन तारखा यंदा नियोजनाच्या तक्त्यात घालाव्यात, एक सरावाला आणि एक फेरीला, आणि जिल्हा नियोजन समितीने पहिल्या कयाक मालवण, वेंगुर्ले आणि देवगड तालुक्यांना द्याव्यात. पालक सभेत उत्तरं द्यायला मी आणि आमचे तांडेल कुठल्याही शाळेत यायला तयार आहोत.